मिसळ फक्कड, पण लॉनवरच्या इंजिनाचे हाल बघवत नाहीत

नाशकात गंगापूर रोडनं शहराबाहेर पडलं की मळ्यातल्या मिसळीची ठिकाणं लागतात, त्यातलंच हे एक. मिसळीबद्दल फार लिहीत नाही. काळा रस्सा झणझणीत, मटकीला मोड नीट आलेले, तर्री मागाल तेवढी, दही-पापड वेळेवर, पाव तेवढे गार होते. मी लिहायला बसलोय ते लॉनवरच्या छोट्या वाफेच्या इंजिनाबद्दल, कारण सगळे त्याच्यासमोर सेल्फी काढतात पण त्याच्याकडे बघत कुणीच नाही.

बोर्डवर लिहिलंय 'ब्रिटिशकालीन रेल्वे इंजिन १८५३'. अहो, १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली ती ब्रॉडगेज, साडेपाच फुटी! हे २ फुटी रुळांवरचं, माथेरानच्या गाडीची रुंदी असते तेवढंच, साखर कारखान्याचं उसाच्या ट्रॉल्या ओढणारं इंजिन आहे. पुढे ट्रॅक्टर-ट्रक आले आणि असली बहुतेक इंजिनं भंगारात कापली गेली, हे एक मालकांनी भंगारवाल्याकडून सोडवून आणलं याबद्दल त्यांना खरंच मानलं पाहिजे. मेकरची पितळी पाटी कुणीतरी आधीच लंपास केलीय पण वांधा नाही, कंपन्या इंजिनाचा नंबर रॉडांवर वगैरे पण ठोकायच्या. चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाला रंगाखाली नखाला आकडे लागतात, तेवढाच रंग हळू खरवडून नंबर काढा, मग खरं साल आणि कंपनी शोधता येईल, हा १८५३ चा बोर्ड तरी उतरेल.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये गेली त्यामुळे असं काही दिसलं की हात शिवशिवतात. मॅनेजर पोरगा चांगला आहे, म्हणाला "काका, दर दिवाळीला रंग मारतो आम्ही." तेच तर दुखणं आहे ना. नवरदेवासारखं सजवलंय, पण ऑइल कप सुद्धा रंगानं बुजलेत, म्हणजे तेल घालायला जागाच नाही. शनिवार-रविवारी डीजेवाल्यांचं धुराचं मशीन पुढच्या स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीत, ठेवून धुराड्यातून धूर काढतात, पब्लिक खूश. मॅनेजरनंच त्या पेटीचं दार उघडून दाखवलं तर आत जुनी राख तशीच, ओली, वर धुराडं उघडं म्हणजे सगळा पावसाळा थेट आत. कोळशाच्या राखेत गंधक असतं, त्यात पाणी मुरलं की सौम्य ॲसिड तयार होतं आणि ते तळाचा पत्रा निवांत खात बसतं. गाडीच्या किल्लीनं खालून ठोकून बघितलं तर ठण् वाजायच्या ऐवजी भद्द, आणि हातात पापुद्रे. बाहेरून तिथेच चकचकीत हिरवा रंग!

खाली पेव्हर ब्लॉक रुळांच्या बरोबरीनं बसवलेत, लॉनचे स्प्रिंकलर सुरू झाले की चाकं पाण्यातच उभी.

मालकांनी हे वाचलं तर खर्च काही फार नाहीये. राख काढा, आतून कोरडं करून रेड ऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, मारा, धुराड्यावर टोपी बसवा पण हवा खेळती राहू द्या नाहीतर दमट हवा आतच कोंडते, रॉडांचा रंग काढून ग्रीस लावा, आणि मुख्य म्हणजे वर शेड घाला, सातपूर-अंबडला पत्र्याची शेड मारून देणारे फॅब्रिकेटर ढिगानं आहेत. एकच गोष्ट उत्साहात करू नका, बॉयलरवरचं पत्र्याचं कव्हर उचकटू नका, जुन्या इंजिनात त्याखाली ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर कॅन्सरपर्यंत प्रकरण जातं. ते तपासून जाणकाराकडूनच काढायचं.

बरेच जण म्हणतात एकदा पेटवून चालवा की! बाबांनो, बॉयलर म्हणजे चुलीवरचा हंडा नाही, १९२३ पासून त्याला कायदा आहे, इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट लागतं, त्याआधी थंड पाणी भरून रोजच्यापेक्षा जास्त दाबावर टेस्ट. या अवस्थेत त्याचं नावही काढू नये, आणि माझं तर म्हणणं आहे की चालवायची गरजच नाही, आहे तसं कोरडं ठेवलं तरी पुढची पन्नास वर्षं कुठे जात नाही.

मिसळीला ४ स्टार, इंजिन वाचवलं म्हणून ५, ठेवलंय त्याला दीड. रविवारी ९ च्या आत जा, नंतर टोकन घेऊन बसावं लागतं. आणि मॅनेजरसाहेब, ते ड्रायव्हरच्या कॅबमधलं फायरबॉक्सचं, म्हणजे कोळशाच्या भट्टीचं, लोखंडी दार एका बिजागरीवर लोंबतंय, पोरं तिथेच चढतात, रंगाचं नंतर बघा, आधी ते वेल्ड करून घ्या, कुणाचं तरी बोट जाईल.