तपकीर गल्लीतला प्लग मीटर: सहा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

मे महिन्याचे आमचे वीजबिल ४३७ युनिटचे आले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचे त्यावर स्वतंत्र मत होते. कर्वेनगरमधील एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आम्ही पाच माणसे राहतो आणि आमच्याकडे एसी नाही. त्यामुळे एवढी वीज नेमकी जाते कुठे, हा प्रश्न खरोखरच पडण्यासारखा होता. सासूबाईंचा संशय वॉशिंग मशीनवर होता, यजमानांचा मुलांच्या कॉम्प्युटरवर आणि माझा जुन्या फ्रीजवर. असे अंदाज बांधण्यापेक्षा एकदा मोजूनच पाहावे म्हणून जूनमध्ये मी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून प्लगला लावायचा एक छोटा वीज मीटर आणला. आता डिसेंबर आहे, आणि सहा महिन्यांच्या वापरानंतर त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते, कारण आमच्या बिलात जो फरक पडला तो याच वस्तूमुळे पडला.

मीटरकडे वळण्यापूर्वी बिलाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे आहेत: पहिली १०० युनिट, त्यानंतर ३०० पर्यंतची, मग ५०० पर्यंतची आणि त्यापुढची. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि तिसऱ्याचा त्याहून चढा. वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा) आणि स्थिर आकार (दरमहा ठरलेला) या रकमांवर पुन्हा १६ टक्के वीज शुल्क लागते. याचा अर्थ असा की घरात वाचवलेले प्रत्येक युनिट वरच्या टोकाकडून वजा होते. आमच्या बाबतीत ३०० च्या पुढची १३७ युनिट ही सर्वांत महाग होती आणि पहिले लक्ष त्यांच्यावरच द्यायला हवे होते. बिल किती रुपयांचे आले एवढेच पाहण्याची सवय आपल्याला असते. मी मात्र तेव्हापासून युनिट आणि रिडिंगमधले दिवस या दोन आकड्यांकडे आधी पाहते, कारण दर बदलत राहतात आणि एखाद्या महिन्याचे रिडिंग चार दिवस उशिरा घेतले गेले तर तुलना फसते.

मीटरची किंमत ८५० रुपये पडली. तो भिंतीवरील सॉकेटमध्ये बसवायचा, त्याच्या तोंडावर उपकरणाचा प्लग लावायचा, आणि मग छोट्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या प्रवाहातला किती भाग खरोखर कामी येतो त्याचे प्रमाण) आणि साठत गेलेली युनिट एका बटणाने आळीपाळीने पाहायची, इतके त्याचे काम साधे आहे. दुकानदारांनी १० अँपिअरचा स्वस्त मीटर बाजूला ठेवून १६ अँपिअरचाच दाखवला आणि, ‘ताई, इस्त्री किंवा किटली लावली की लहान मीटर तापतो, आणि हाही बाथरूममध्ये नेऊ नका, वाफ लागते,’ असे बजावले. विक्री करताना असा सल्ला देणारा दुकानदार मिळणे हे तपकीर गल्लीत पायपीट करण्यासाठी माझ्या दृष्टीने पुरेसे कारण आहे.

मोजणारे यंत्र स्वतः कितपत खरे बोलते हे पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्यांना अर्थ नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याची तुलना महावितरणच्या मीटरशी केली. जिन्याखाली असलेल्या आमच्या मीटरच्या तोंडावर ३२०० हा आकडा छापलेला आहे. त्यावरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, म्हणजे एक तास चाललेले हजार वॅट, होते. घरातली बाकी सर्व बटणे बंद करून फक्त पाण्याची किटली चालू ठेवली, यजमान वर मीटरसमोर आणि मी खाली दिव्यासमोर उभी राहिले. एका मिनिटात दिवा ७८ वेळा लुकलुकला, म्हणजे हिशेबाने १४६२ वॅट. त्याच वेळी वर प्लग मीटर १४४० वॅट दाखवत होता. दीड टक्क्याचा हा फरक घरगुती कामासाठी मला पूर्ण मान्य आहे. अगदी लहान भारांच्या बाबतीत मात्र हा मीटर कच्चा आहे. फोन न लावलेला चार्जर त्याला दिसतच नाही, पडद्यावर शून्य येते.

सर्वांत उपयोग झाला तो फ्रीजच्या बाबतीत. फ्रीजचा क्षणिक वॅटचा आकडा पाहून काहीच कळत नाही, कारण कॉम्प्रेसर चालू असताना आमच्या फ्रीजचा आकडा १४० च्या आसपास असतो, बंद झाल्यावर तो अगदी खाली येतो आणि बर्फ वितळवणारा हीटर लागला की पुन्हा वर चढतो. म्हणून मीटर पूर्ण २४ तास लावून ठेवावा लागतो आणि साठलेली युनिट पाहावी लागतात. आमच्या सतरा वर्षांच्या फ्रीजने एका दिवसात २.६ युनिट घेतली, म्हणजे महिन्याला ७८. एवढा जुना फ्रीज आहे, तो बदलावाच लागणार, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. परंतु दुरुस्तीसाठी आलेल्या कारागिरांनी दारात वीस रुपयांची नोट धरून दार लावले आणि ती नोट अलगद बाहेर ओढून दाखवली. दाराचे रबर खालच्या बाजूने कडक होऊन सुटले होते. रबर बदलले, भिंतीला चिकटलेला फ्रीज चार बोटे पुढे ओढला, मागची धूळ काढली आणि पुन्हा २४ तास मोजले तेव्हा आकडा १.९ वर आला. नव्या फ्रीजचा खर्च निदान सध्यापुरता टळला आणि महिन्याची २१ युनिट वाचली. मोजमाप नसते तर रबर बदलण्याचे सुचलेही नसते, आणि बदलले असते तरी त्याने किती फरक पडला हे कधी कळले नसते.

वॉशिंग मशीन निर्दोष ठरले. गार पाण्यावर एका धुण्याला पाव युनिटही लागत नाही, हे सासूबाईंना पडद्यावर दाखवले तेव्हा त्यांनाही समाधान वाटले. मिक्सरचे वॅट मोठे दिसतात, परंतु तो दिवसातून काही मिनिटेच चालतो. याउलट टीव्हीजवळचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी १२ वॅट घेतच राहतो, म्हणजे कोणी पाहत असो वा नसो, महिन्याला साडेआठ युनिटपेक्षा अधिक. आता रात्री आणि दुपारी त्याचे भिंतीवरचे बटण बंद होते. वाय-फायच्या डब्याचीही गत तशीच आहे, पण मुलांच्या अभ्यासामुळे तो चालू ठेवणे भाग आहे.

गिझर आणि छताचे पंखे या दोन मोठ्या गोष्टी मात्र या मीटरच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि विकत घेणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. छताच्या पंख्याला प्लग नसतो आणि गिझरचे सॉकेट बाथरूमच्या आत असते. तरीही एकदा मोजण्याची सवय लागली की वाट सापडते. आमचा गिझर २००० वॅटचा असल्याने त्याचा पाणी तापवण्याचा लाल दिवा जितका वेळ पेटलेला असेल त्याच्या दुप्पट तासांइतकी युनिट खर्च होतात. एका रविवारी सकाळी साडेपाचपासून साडेनऊपर्यंत मी घड्याळ घेऊन त्या दिव्यावर लक्ष ठेवले. दिवा एकूण १ तास ५४ मिनिटे पेटला होता, म्हणजे ३.८ युनिट. घरातला सर्वांत मोठा खर्च हाच होता, आणि त्यातला बराचसा भाग तापलेले पाणी पुन्हापुन्हा तापवण्यात जात होता, कारण गिझर चार तास सलग चालू असे आणि त्याच्या तापमानाची चकती शेवटच्या टोकाला होती. चकती मागे आणली, आंघोळी एकापाठोपाठ उरकायच्या असे ठरले, आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी कोमटच असते अशा दिवसांत गरम पाणी फक्त सासूबाई आणि धाकटी घेऊ लागल्या. दिवा ४२ मिनिटांवर आला, म्हणजे १.४ युनिट. थंडीत हा आकडा पुन्हा वाढला आहे, हेही नमूद करायला हवे.

पंख्यासाठी जिन्याखालचा लुकलुकणारा दिवाच कामी आला. फक्त हॉलचा पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवला तेव्हा पाच मिनिटांत दिवा २० वेळा लुकलुकला, म्हणजे ७५ वॅट. हॉलमध्ये आणि एका खोलीत प्रत्येकी सुमारे ३,००० रुपयांचे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) पंखे बसवल्यानंतर तीच मोजणी केली असता पाच मिनिटांत ८ वेळा दिवा लुकलुकला, म्हणजे ३० वॅट. जाहिरातीतला कमी विजेचा दावा आपल्याच घरात खरा ठरताना पाहणे समाधानाचे होते. हे दोन्ही पंखे उन्हाळ्यात रोज सोळा-सोळा तास चालतात, त्यामुळे महिन्याला ४३ युनिट वाचतात. आमच्या बिलावर दुसऱ्या टप्प्यातील युनिट सर्व आकार धरून सुमारे १३ रुपयांना पडते, तेव्हा पूर्ण वेळ चालणाऱ्या साधारण अकरा महिन्यांत पंख्यांची किंमत वसूल होईल. दिवसातून दोन-तीन तासच चालणाऱ्या तिसऱ्या खोलीतला पंखा मी बदललेला नाही आणि तो बदलण्याचा सल्लाही कोणाला देणार नाही.

शेजारच्या एका काकूंनी त्यांच्याकडची वीज वाचवणारी म्हणून मिळालेली छोटी पेटी तपासायला दिली, ती प्लगला लावली की बिल निम्मे होते असे त्यांना सांगण्यात आले होते. प्लग मीटरमध्ये एक एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्यावर फ्रीज चालवला आणि मग शेजारी ती पेटी लावली. अँपिअरचा आकडा खाली आला, पॉवर फॅक्टर सुधारला, परंतु वॅट होते तेवढेच राहिले. अशा पेटीत कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, असतो, आणि कपॅसिटरने होणारा बदल घरगुती ग्राहकाच्या बिलात उतरत नाही, कारण घराचे बिल प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटवर निघते. काकूंनी तिच्यासाठी जवळजवळ दोन हजार रुपये मोजले होते, याचे मला मनापासून वाईट वाटले. वयस्कर माणसांना दारात येऊन अशा वस्तू विकल्या जातात, म्हणून ही तपासणी इथे मुद्दाम लिहिली आहे.

मीटरचे दोष थोडे आहेत, पण त्रासदायक आहेत. पडद्याला स्वतःचा प्रकाश नाही, त्यामुळे फ्रीजमागचा आकडा वाचायला बॅटरी लागते. आकाराने तो इतका रुंद आहे की बोर्डावरचे शेजारचे बटण झाकले जाते. सर्वांत मोठी उणीव आठवणीची: वीज गेली की साठलेली युनिट पुसली जातात. पुण्यात देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत आहे आणि माझे फ्रीजचे पहिले मोजमाप अशाच एका गुरुवारी बावीस तासांनंतर शून्यावर आले. थोडे अधिक पैसे देऊन आत बटण-सेल असलेला मीटर मिळतो, तो घेतलेला बरा, असे आता वाटते.

परिणाम आकड्यांत सांगायचा तर, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आमचा वापर ३९६ युनिट होता आणि या ऑक्टोबरमध्ये, तितक्याच दिवसांच्या रिडिंगवर, २८४. आम्ही तिसऱ्या टप्प्यातून बाहेर आलो. उकाडा दोन्ही वर्षी सारखाच होता आणि माणसेही तेवढीच.

गिझरचा आकडा मी सोसायटीच्या बैठकीतही मांडला. आमच्या गच्चीवरचा सौर बंब बोअरच्या जड पाण्याने नळ्या बुजल्यामुळे दोन वर्षे बंद होता आणि बाराही घरे विजेवर पाणी तापवत होती. एका घराचा रोजचा खर्च कागदावर आल्यावर दुरुस्तीचा विषय पहिल्यांदा मंजूर झाला. सौर यंत्रणा चालू असेल तर पुणे महानगरपालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, हा मुद्दाही त्या वेळी उपयोगी पडला. काम सध्या सुरू आहे.

असा मीटर घ्यायचा असेल तर १६ अँपिअरचाच घ्यावा, दोन्ही आकारांचे प्लग त्यात घट्ट बसतात का ते दुकानातच पाहावे, आणि वॅट ठाऊक असलेला एखादा दिवा लावून आकडा तपासूनच पैसे द्यावेत. माझे दुकानदार यासाठी काउंटरखाली साठ वॅटचा जुना बल्ब ठेवतात. चार-पाच घरांनी मिळून एकच मीटर घेतला तरी चालेल, कारण एका घराची सगळी उपकरणे मोजायला पंधरा दिवसांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. आमचा मीटर सध्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रीजला लावलेला आहे.