मुलाने केलेला कंदील: दारात लावावा, कपाटात जपावा की फोटोवर भागवावं?

दिवाळीच्या तोंडावर मूल हातात एक कंदील ठेवतं. "तुझ्यासाठी केलाय." एकीकडे झिरमिळ्या जास्त, दुसरीकडे कमी, फेव्हिकॉलचे वाळलेले थेंब कडेने ओघळलेले. आणि घरात विकतचा, पाकळ्यांचा कंदील आधीच येऊन पडलेला असतो. आता याचं करायचं काय? माझा कौल आधीच सांगते: लावा.

कारण कंदील ही लावायचीच वस्तू आहे. आत दिवा लागल्यावर तो कसा दिसेल, हेच डोळ्यासमोर ठेवून मुलाने तो केलेला असतो. माझ्या भाच्याच्या कंदिलात एका बाजूला लाल जिलेटीन दुमडून तीन पदरी झालं होतं. उजेडी बघितलं तर चिकटवताना झालेला घोळच वाटावा. संध्याकाळी दिवा लावला आणि तिथे गडद लाल पट्टा उमटला. "आत्या, तो सूर्य बुडतोय," असं त्याने सांगितलं. कंदील कपाटात गेला असता तर तो सूर्य कुणालाच दिसला नसता.

लावण्यात धोके आहेतच. दिवाळी ऑक्टोबरात आली की परतीचा पाऊस गाठतो, आणि पतंगाच्या कागदाचा रंग ओला झाला की भिंतीवर उतरतो. वर छज्जा नसेल तर हॉलच्या खिडकीत आतून लावा. जुना पिवळा बल्ब मात्र नकोच. त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि कागद करपतो. ५ वॅटच्या आतला एलईडी पुरतो, तोही कागदापासून चार बोटं लांब. कागदाच्या कंदिलात पणती ठेवायची नाही, मुलाने कितीही हट्ट केला तरी.

कपाटाच्या बाजूने एकच गोष्ट बोलते: अंधारात रंग टिकतो. पण मैद्याच्या खळीला कसर आणि झुरळं लागतात, सेलोटेप पिवळी पडून सुटते आणि मागे चिकट डाग सोडते. शिवाय मुलाला दिसतं काय, तर आपण दिलेली वस्तू "नीट ठेवते हं" म्हणून दाराआड गेली. भेटकार्डाची गोष्ट वेगळी. ते सपाट असतं, फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतं. लॅमिनेशन करू नका. टिकल्या आणि चमकी चिरडतात आणि एकदा केलं की ते काढता येत नाही.

फोटो स्वस्त आणि बिनजागेचा, पण कंदिलाऐवजी नव्हे, कंदिलानंतर. तुळशीचं लग्न झालं की कंदील उतरवताना मुलाच्या हातात देऊन फोटो काढा. नातवंडं परदेशात असतील तर आजी-आजोबांपुढे फोटोशिवाय इलाज नसतो. तेव्हा नातवंडांना सांगावं, खोलीतला दिवा मालवून कंदील पेटता दाखवा.

बोलायचं काय, इथेही निवड आहेच. "वा, किती हुशार!" हे तोंडात बसलेलं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपं काम निवडण्याकडे झुकली, मेहनतीचं कौतुक झालेली अवघड कामाकडे. तेव्हा "या कामट्या वाकवल्यास कशा?" हा प्रश्न बरा. मूल पुढची दहा मिनिटं स्वतःच बोलतं. बक्षिसाचं आमिष तर नकोच. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३ च्या प्रयोगात, बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावलेली तीन ते पाच वर्षांची मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे खूश होऊन हातावर चकली ठेवलीत तर बिघडत नाही. "अजून एक केलास तर पन्नास रुपये" हे बिघडवतं.

आणि एक मोह सगळ्यांनाच होतो: मूल झोपल्यावर झिरमिळ्या कापून सारख्या करायच्या. शाळेच्या स्पर्धेसाठी तर आयाच रात्री बसतात. सकाळी मुलाला ते कळतं, आणि आपलं काम नापास झालं हेही कळतं. टांगायचा दोरा कच्चा असेल तर पक्का करा, पण विचारून.

विकतच्या कंदिलाचं काय? तो गॅलरीत लावा. एका घराला दोन कंदील काही जड होत नाहीत. दारातली जागा मात्र हाताने केलेल्याची.

अपवाद एकच. मूल बारा-तेरा वर्षांचं असेल आणि "दारात नको, मित्र बघतील" म्हणालं, तर दारात नको. कुठे लावू ते त्यालाच विचारा. "तुझ्या खोलीत" म्हणालं, तर तिथे लावा.