घुमट, पडदा की चष्मा? कोकणात चांद्रमोहीम दाखवायची तर

२३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन. २०२३ साली याच तारखेला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं आणि पुढच्या वर्षापासून हा दिवस शाळाशाळांत साजरा होऊ लागला. दिवस मोठ्या मानाचा, पण कोकणाच्या सोयीचा मुळीच नाही. ऑगस्टात आमच्याकडे चंद्र दिसला तर लोक एकमेकांना हाक मारून दाखवतात. दुर्बिणीचा बेत केला की हमखास सर येते. त्यामुळे मुख्याध्यापक असोत, वाचनालयाचे कार्यवाह असोत की गणपतीत यंदा काहीतरी वेगळं करू म्हणणारी वाडीतली पोरं, सगळे फिरून सिनेमाकडेच येतात.

मग प्रश्न पडतो तो कुठल्या सिनेमाचा. शाळेत फुगवायचा घुमट मागवायचा? रत्नागिरीच्या तारांगणात सहल न्यायची? हॉलमध्ये पडदा लावून माहितीपट दाखवायचा? की हल्ली सगळे म्हणतात ते व्हीआर चष्मे, म्हणजे डोळ्यांवर चढवले की आभासी जग दाखवणारे, आणायचे? मी हे सगळे प्रकार जवळून बघितलेत, काही ठिकाणी सतरंज्याही अंथरल्यात. माझं मत आधीच सांगून टाकतो: चंद्र बघायचा तर घुमट, आणि चंद्रावर गेलेली माणसं बघायची तर साधा सपाट पडदा. लोक बहुतेकदा पहिल्याच्या जाहिरातीला भुलतात आणि मनात हवं असतं दुसरं.

फुगवायचा घुमट

हा कापडी घुमट पंख्याच्या हवेवर उभा राहतो. बाजूला एक ब्लोअर सतत घोंघावत असतो. चपला बाहेर काढून, वाकून, कापडी बोगद्यातून आत शिरायचं आणि चटईवर आडवं व्हायचं. मध्यभागी प्रोजेक्टर असतो. त्याच्यापुढे माशाच्या डोळ्यासारखी फुगीर लेन्स किंवा अर्धगोल आरसा लावतात आणि चित्र डोक्यावरच्या सगळ्या आभाळभर पसरतं. पाच मीटर व्यासाच्या घुमटात पंचवीस-तीस मुलं दाटीवाटीने मावतात. यान चंद्राच्या कडेवरून वळतं आणि सगळी जमीन कलल्यासारखी वाटते, तेव्हा शेजारच्याचा हात धरला नाही असं मूल मी बघितलेलं नाही. हा परिणाम सपाट पडद्यावर कितीही मोठा पडदा लावलात तरी येत नाही, कारण तिथे चौकट दिसत राहते. घुमटात चौकटच नसते.

पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली म्हणजे, साध्या १९२० बाय १०८० च्या प्रोजेक्टरवर पूर्ण गोल चित्र पाडलं की गोलाच्या व्यासाला फक्त १०८० ठिपके मिळतात, आणि तेवढेच ठिपके अख्ख्या आभाळावर ताणले जातात. म्हणून विवरांच्या कडा पिठूळ दिसतात. दुसरी गोष्ट चंद्राच्या बाबतीत जास्त नडते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे भर दिवसाही आकाश काळंकुट्ट. घुमटाचं कापड मात्र आतून पांढरं असतं. उन्हातल्या चंद्रभूमीचा उजेड समोरच्या बाजूला परावर्तित होतो आणि ते काळं आकाश राखाडी होऊन बसतं. तारांगणांचे पक्के घुमट आतून मुद्दाम राखाडी रंगवतात ते याचसाठी. बुकिंग करण्याआधी शोवाल्याला ताऱ्यांचं दृश्य दाखवायला सांगू नका, ते कुठल्याही घुमटात छानच दिसतं. चंद्राच्या उजेडातल्या बाजूचं दृश्य लावून बघा.

आणि त्या घुमटात दिसतं ते बहुतांशी संगणकावर बनवलेलं चित्र असतं. यात फसवणूक काही नाही. नासाचं लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान २००९ पासून चंद्राभोवती फिरतंय. त्याने लेसरने उंचसखलपणा मोजलाय आणि त्या मोजमापांवरून हे डोंगर, ही विवरं उभी केलेली असतात. म्हणजे विवर खरं, त्याची खोली खरी, फक्त तिथे कॅमेरा नव्हता. अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांच्या काळातलं खरं चित्रण चौकोनी फिल्मवर आहे. घुमटात ते आभाळात टांगलेल्या खिडकीसारखं चिकटवावं लागतं, आणि तेवढ्यापुरती सगळी मजा जाते.

घुमटाच्या बाजूने सगळ्यात मोठं काय, तर भाषा. बरेच चालक रेकॉर्ड केलेलं हिंदी-इंग्रजी निवेदन बंद करून स्वतः मराठीत बोलतात. तसा माणूस मिळाला तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. एका शोमध्ये घाटावरून आलेल्या चालकाने मुलांना विचारलं, "चंद्रामुळे समुद्रात काय होतं?" मागून एका रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा, मुलगा म्हणाला, "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आज पंचमी, म्हणजे पावणेचार." चालक दोन मिनिटं शो थांबवून त्यालाच विचारत बसला. असलं काही रेकॉर्डिंगमध्ये होत नाही.

अडचणी सगळ्या आमच्या मुलखाच्याच आहेत. घुमट उभा राहायला साडेतीन मीटर तरी मोकळी उंची लागते. जुन्या कौलारू शाळेत आडवी तुळई आडवी येते. वीज गेली की घुमट हळूहळू खाली बसतो. कापड हलकं असल्याने धोका नाही, पण पहिलीतली मुलं रडतात, तेव्हा चेन उघडायला एक शिक्षक दाराशीच बसवा. दम्याचा त्रास असलेल्या मुलालाही तिथेच बसवा. ऑगस्टात आत चांगलंच कोंदट होतं.

रत्नागिरीचं तारांगण, नाहीतर थेट मुंबई

रत्नागिरी नगरपरिषदेचं बाळासाहेब ठाकरे तारांगण २०२२ मध्ये सुरू झालं. कोकणातल्या शाळांना त्याआधी तारांगण म्हटलं की वरळीचं नेहरू तारांगणच आठवायचं, ते १९७७ पासूनचं. पक्क्या घुमटात काळं आकाश जास्त काळं दिसतं, आवाज अंगावर येतो, पाठीला टेकायला खुर्ची असते. चित्राच्या दर्जात फुगवायचा घुमट त्याच्या जवळपासही जात नाही.

तरी सहलीचा हिशेब वेगळा करावा लागतो. चिपळूण-संगमेश्वरकडच्या शाळेने जरूर जावं. देवगड-मालवणकडून मात्र अख्खा दिवस जातो, पावसात घाटवळणांत निम्मी मुलं ओकतात आणि शो संपतो तासाच्या आत. मुलांना घरी विचारलंत तर मत्स्यालयातला कासव आधी आठवतो. त्यात वाईट काही नाही, पण मग ती चंद्राची सहल उरत नाही. अलिबाग-मुरुडकडच्यांना मुंबई जवळची. पावसात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा मांडव्याहून रो-रो बोट. कुठेही जा, त्या दिवशी चंद्राचाच शो आहे ना आणि कुठल्या भाषेत, हे फोन करून विचारा. तारांगणात रोज चंद्र लावत नाहीत.

सपाट पडदा

आता ज्याला लोक "त्यात काय, टीव्हीवर पण दिसतं" म्हणून मोडीत काढतात त्याबद्दल.

टॉड डग्लस मिलर यांचा २०१९ चा 'अपोलो ११' हा ९३ मिनिटांचा माहितीपट, माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या १९६९ च्या मोहिमेवरचा. त्यात निवेदक नाही, मुलाखती नाहीत, नंतर बसवलेली नाटकी दृश्यं नाहीत. जे आहे ते सगळं त्या काळातलं चित्रण. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ६५ मिलिमीटरच्या मोठ्या फिल्मची रिळं पडून होती, ती स्वच्छ करून वापरली. जोडीला मोहीम-नियंत्रण कक्षातल्या ध्वनिफितींचे ११ हजार तास चाळले. संगीतातलं प्रत्येक वाद्य १९६९ साली उपलब्ध असलेलं. विज्ञान संग्रहालयांसाठी याचीच ४७ मिनिटांची छोटी आवृत्तीही काढली आहे, आणि शाळेला तीच योग्य.

आपण लहानपणापासून जे भुतासारखं अस्पष्ट आर्मस्ट्राँग बघितलंय ते टीव्हीचं चित्र. चंद्रावरून सेकंदाला फक्त १० चौकटी यायच्या. नेहमीच्या टीव्हीवर दाखवण्यासाठी मॉनिटरसमोर दुसरा कॅमेरा ठेवून त्या पुन्हा टिपल्या जायच्या, म्हणून तो धूसरपणा. या सिनेमात सुरुवातीलाच भल्यामोठ्या साखळीच्या चाकांवरून ११० मीटर उंचीचं सॅटर्न-५ रॉकेट हळूहळू सरकताना दिसतं, आणि शेजारून चालणारा माणूस किती बारीक आहे ते कळतं. अंतराळवीर पोशाख चढवत असतानाचे चेहरे दिसतात. उड्डाण बघायला समुद्रकाठी गाड्यांच्या टपावर, वाळूत, चादरी टाकून बसलेली गर्दी दिसते. काल घेतल्यासारखं चित्र.

उतरण्याचा प्रसंग तर शिक्षकांनी पाठच करून ठेवावा. यानाच्या उजव्या खिडकीत बसवलेल्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्याने टिपलेली जमीन वर वर येत राहते. मध्येच संगणक १२०२ नावाचा, म्हणजे काम झेपत नाही असा, इशारा देतो, पुढे दगडधोंडे दिसतात, आर्मस्ट्राँग यान पलीकडे नेतात आणि इंधन संपत चाललेलं असतं. संगणकावर काढलेलं एकही चित्र मला इतकं खिळवून ठेवू शकलेलं नाही, आणि शेवट काय होणार ते तर सगळ्यांना माहीत आहे.

आमच्याकडे समाजमंदिरात हा प्रकार झाला तेव्हा मागच्या बाकावर एक वयस्कर तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, पेंगत होते. २४ जुलैला यान पॅसिफिकमध्ये पडतं आणि पाणबुडे उड्या टाकून त्याच्याभोवती तरंगतं कडं बांधू लागतात, तिथे ते ताठ बसले. "आमी करतंव तसाच करतत रे! लाट बघान दोरी टाकतत." हॉलमधल्या अर्ध्या लोकांना त्या क्षणी ती मोहीम आपली वाटली.

वयस्करांसाठी पडदाच, याला आणखी एक कारण आहे. आर्मस्ट्राँगचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलै १९६९ ची सकाळ होती, साडेआठला चार मिनिटं कमी. टीव्ही तेव्हा देशात फक्त दिल्लीत होता, मुंबईत आला तो १९७२ मध्ये. कोकणातल्या माणसाने ते पाऊल रेडिओवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बघितलं. त्या पिढीला घुमटात वाकून शिरायला लावण्यापेक्षा खुर्चीवर बसवून ती खरी चित्रं दाखवा.

पडद्याचं दुखणं म्हणजे बोलणं सगळं इंग्रजी, तेही खरखरत्या रेडिओवरचं. सिनेमा चालू असताना माइकवरून भाषांतर करत बसू नका, दोन्हीचा विचका होतो. आधी दहा मिनिटं मराठीत गोष्ट सांगा: तिघं कोण, कॉलिन्स वर कक्षेत एकटेच का राहिले, १२०२ म्हणजे काय. मग गप्प बसा. दुसरं, घरच्या ओटीटीवरचा सिनेमा गावाला दाखवायला प्रदर्शनाचा परवाना लागतो. तेवढी खटपट होत नसेल तर नासाचं स्वतःचं चित्रण सहसा मुक्त असतं आणि आपल्या विक्रमच्या कॅमेऱ्याने टिपलेलं अवतरण, प्रज्ञान रोव्हर उतरणीवरून खाली सरकतो ती क्लिप, हे इस्रोनेच प्रसिद्ध केलं आहे. २६ किलोचं ते यंत्र त्या उतरणीवरून येताना मुलं टाळ्या वाजवतातच.

व्हीआर चष्मा

एकट्याने अनुभवायला उत्तम. चाळीस मुलं, एक चष्मा, प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे जवळजवळ पावणेसात तास, तोवर बाकीची दंगा करणार. शिवाय बहुतेक कंपन्या लहान मुलांसाठी वयाची अट घालतात, काहींना गरगरतं, आणि पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असताना एकच चष्मा सगळ्यांच्या डोळ्यांना लावणं मला पटत नाही. विज्ञान प्रदर्शनात एका टेबलावर ठेवायला ठीक.

मग ठरवायचं कसं

चौथीपर्यंतच्या मुलांना फुगवायचा घुमट, डोळे मिटून. त्यांना नावं, तारखा लक्षात राहणार नाहीत, पण चंद्र ही जागा आहे, तिथे डोंगर आहेत, हे अंगाला कळेल. आठवीच्या पुढे मात्र घुमटावर पैसे घालू नका. त्या वयाला "हे कोणी केलं, कसं जमलं, चुकलं असतं तर?" हे प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरं माणसांच्या चेहऱ्यांत असतात. पाचवी ते सातवी दोन्हीकडे रमतात. शाळेच्या खिशाला परवडेल ते करा. घरात एकच मूल आणि हातात एक सुट्टी असेल तर रत्नागिरी गाठा, आणि मग रात्री घरी दिवे घालवून, चांगले हेडफोन लावून मोठा सिनेमा बघा.

मंडळाच्या पोरांनी पडदाच घ्यावा, तीनशे माणसं घुमटात कशी बसवणार? फक्त चतुर्थीच्याच रात्री ठेवू नका. त्या दिवशी चंद्र बघायचा नाही, आणि पडद्यावरचा चालतो की नाही यावर वाद घालणारा एक तरी आजोबा प्रत्येक वाडीत असतो. कोजागिरी सगळ्यात बरी: पाऊस ओसरलेला, दूध आटतंय, सिनेमा संपला की वर खरा चंद्र आणि कोणाकडे दुर्बीण असेल तर तीही. त्या रात्री दुर्बिणीतून विवरं ठळक दिसत नाहीत, कारण पौर्णिमेला सावल्याच नसतात. ती बघायची तर शुद्ध अष्टमीच्या आसपास पुन्हा बोलवा.

खर्चात काटकसर करायचीच तर पडद्यावर करा. पांढरी चादर ताणून बांधली तरी चालते. स्पीकर मात्र चांगला आणा, कारण या सिनेमाचा अर्धा जीव आवाजात आहे. जनरेटरवाल्याला सकाळीच बोलावून उड्डाणाचा प्रसंग एकदा पूर्ण आवाजात लावून बघा. पत्रे थरथरले तर दोन-तीन टप्पे खाली घ्या.