ॲड ब्लॉकर कोणता घ्यावा: आत्याचा क्रोम, दुकानातला फायरफॉक्स

माझी आत्या बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. गेल्या महिन्यात तिच्या लॅपटॉपवर काहीही शोधलं की भलतंच शोधपान उघडायला लागलं. मराठी पेपर वाचताना मधेच लॉटरीची खिडकी यायची. मी जाऊन पाहिलं तर क्रोममध्ये सात एक्स्टेंशन होती, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम. त्यातलं एक पीडीएफची वर्ड फाइल करून देणारं, नातवाने शाळेच्या कामासाठी कधीतरी टाकलेलं. ते काढलं आणि त्रास थांबला. पण त्याला दिलेली परवानगी वाचली तेव्हा पोटात गोळा आला. प्रत्येक वेबसाइटवरचं सगळं वाचायची आणि बदलायची मुभा. त्यात तिच्या बँकेचं पानही आलं.

आत्या तेवढंच बोलली, "सेंट्रल लायब्ररीतून मी कुठलं पुस्तक घरी नेलं, ते रावपुऱ्यात कुणाला कळत नव्हतं रे." सयाजीरावांच्या काळात, १९१० मध्ये, सुरू झालेल्या त्या लायब्ररीत तिने उभं आयुष्य वाचन केलं आहे. आपण काय वाचतो हे आपल्यापुरतं राहावं, ही अपेक्षा तिच्यासाठी इतकी साधी आहे. मला ती महत्त्वाची वाटते, म्हणून पुढचे दोन रविवार यावर घालवले. आत्याकडे लॅपटॉपवर क्रोम आहे आणि ती तो सोडणार नाही. रावपुऱ्यात मामेभावाचं दुकान आहे, तिथे फायरफॉक्स आहे. दोघांसाठी ॲड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, कोणता घ्यावा, हा प्रश्न होता.

चांगला ॲड ब्लॉकरसुद्धा बहुधा तीच मोठी परवानगी मागतो. पानावर काय येतंय हे पाहिल्याशिवाय तो ते अडवणार कसा? म्हणून किती जाहिराती अडतात हे मी दुसऱ्या नंबरावर ठेवलं. पहिलं पाहिलं ते किल्ली कोणाकडे आहे. कोड खुला असावा, म्हणजे कुणालाही वाचता यावा, हे आलंच, पण तेवढ्यावर विसंबू नये. न वापरलेल्या टॅबना झोपवून मेमरी वाचवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' ओपन सोर्सच, म्हणजे खुल्या कोडचंच, होतं. मूळ लेखकाने ते २०२० मध्ये विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, म्हणून काढून टाकलं. 'नॅनो ॲडब्लॉकर'चंही २०२० मध्ये असंच झालं. एक्स्टेंशन आपोआप अपडेट होतात, त्यामुळे मालक बदलला तरी वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. कोड खुला असला की चोरी पकडता येते, पण पकडणारा कुणीतरी लागतो. म्हणजे ज्या प्रकल्पावर हजारो डोळे आहेत, तो बरा.

या कसोटीवर युब्लॉक ओरिजिन सगळ्यांच्या पुढे आहे, असं माझं स्पष्ट मत. रेमंड हिल यांनी तो २०१४ मध्ये सुरू केला. परवाना जीपीएल ३, हा खुल्या कोडचा परवाना. ते देणग्याही घेत नाहीत. द्यायचंच असेल तर ब्लॉकिंगच्या याद्या सांभाळणाऱ्यांना द्या, असं सांगतात. नावात मात्र फसू नका. २०१५ मध्ये हिल यांनी मूळ 'युब्लॉक' दुसऱ्याच्या हाती दिला आणि स्वतःचा वेगळा काढला, तो 'ओरिजिन'. नुसता 'युब्लॉक' पुढे २०१८ मध्ये 'ॲडब्लॉक' या दुसऱ्या ब्लॉकरकडे गेला. टाकताना 'ओरिजिन' हा शब्द आणि प्रकाशक म्हणून हिल यांचं नाव, दोन्ही पाहूनच बटण दाबा.

अडचण क्रोमची आहे. गुगलने एक्स्टेंशनचे नियम बदलले, त्या नव्या नियमांना मॅनिफेस्ट व्ही ३ म्हणतात. आधी ब्राउझर प्रत्येक विनंतीपाशी, म्हणजे पानासाठी काहीही मागवण्याआधी, थांबून एक्स्टेंशनला विचारायचा, हिला सोडू का? आता एक्स्टेंशनने काय अडवायचं याची यादी आधीच लिहून द्यायची आणि निर्णय ब्राउझरने घ्यायचा. सोसायटीच्या फाटकावर आपला माणूस उभा करणं आणि वॉचमनच्या हातात चिठ्ठी देऊन घरी येणं, यात जो फरक आहे तोच. पूर्ण युब्लॉक ओरिजिन २०२५ च्या मध्यापासून क्रोममध्ये चालत नाही. त्याऐवजी हिल यांचाच युब्लॉक ओरिजिन लाइट आहे. त्याच्या याद्या एक्स्टेंशनच्या अपडेटबरोबरच येतात, त्यामुळे एखाद्या साइटने जाहिरातीची पद्धत बदलली की लाइटला उत्तर द्यायला वेळ लागतो.

पण लाइटला कमी लेखू नये. चिठ्ठीच्या पद्धतीत, मूलभूत अडवणुकीपुरतं तरी, तुम्ही कुठे जाता हे एक्स्टेंशनला पाहावंच लागत नाही. त्यात बेसिक, ऑप्टिमल आणि कम्प्लीट अशा तीन पातळ्या आहेत, आणि प्रत्येक साइटसाठी वेगळी ठेवता येते. ज्याला सेटिंगमध्ये हात घालायचा नाही त्याला हाच बरा. आत्याकडे मी हाच टाकला.

दुकानात प्रश्नच नव्हता. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली आहे, त्यामुळे तिथे पूर्ण युब्लॉक ओरिजिन. आपल्यासाठी एक गोष्ट करायचीच. त्याच्या याद्यांमध्ये प्रदेश आणि भाषांचा विभाग आहे, तिथे 'इंडियनलिस्ट' नावाची यादी आहे. मराठी, गुजराती, हिंदी साइटवरच्या जाहिरातींसाठी ती आहे. ब्राउझर इंग्रजीत असेल तर ती आपोआप चालू होत नाही, स्वतः खूण करावी लागते. मामेभाऊ रोज गुजराती बातम्या आणि मराठी पेपर दोन्ही पाहतो. खूण केल्यावर फरक त्याला लगेच दिसला. सरकारी पोर्टल किंवा बँकेचं पान अडलं, तर युब्लॉकच्या खिडकीतलं मोठं निळं बटण दाबून तेवढ्या साइटपुरतं बंद करायचं. हे त्याला दोनदा करून दाखवलं, कारण जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी पान अडलं तर तो रागाने अख्खं एक्स्टेंशनच काढून टाकेल.

ॲडगार्डचं एक्स्टेंशनही ओपन सोर्स आहे, चांगलं काम करतं, आणि त्याचं पान युब्लॉकपेक्षा नवख्याला सोपं जातं. मागे सायप्रसची कंपनी आहे, तिचा धंदा वेगळी ॲप विकण्याचा. त्यांतलं विंडोजचं ॲप खुलं नाही. मला हे खटकत नाही, पण खुल्या कोडसाठीच निवडत असाल तर कुठला भाग खुला आहे ते माहीत असू द्या. क्रोमवर लाइट जमला नाही तर ॲडगार्ड, इतपत मी म्हणेन.

ॲडब्लॉक प्लसही खुला आहे, तरी मी तो कोणालाच सुचवणार नाही. २०११ पासून त्यात 'ॲक्सेप्टेबल ॲड्स' आहे. ठरावीक निकषांत बसणाऱ्या जाहिराती सोडल्या जातात, आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे देतात. हे सेटिंग बंद करता येतं, पण मुळात ते चालू असतं. राखणदाराचा पगार आत येणाऱ्याकडून निघावा, हे मला पटत नाही.

प्रायव्हसी बॅजरची तुलना यांच्याशी सरळ करता येत नाही, कारण तो जाहिरातींचा शत्रू नाही. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचा हा प्रकल्प, संस्था ना-नफा. तो साइटसाइटवर तुमचा पाठलाग करणाऱ्यांना अडवतो. पाठलाग न करणारी जाहिरात दिसू देतो. पूर्वी कोण पाठलाग करतं हे तो तुमच्याच ब्राउझरमध्ये शिकत जायचा. २०२० मध्ये ते शिकणं मुळात बंद ठेवलं गेलं, कारण त्या शिकण्यावरूनच एखाद्याला ओळखता आलं असतं. स्वतःचं दुखणं स्वतः उघड करून दुरुस्त करणारे लोक मला विश्वासाचे वाटतात. फायरफॉक्समध्ये मात्र २०२२ पासून कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, साइटनिहाय वेगळ्या ठेवण्याची सोय मूळचीच आहे. युब्लॉकही असेल तर तिथे बॅजरने फार भर पडत नाही, म्हणून दुकानात तो टाकला नाही.

फोनचा मुद्दा लोक विसरतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये चालतात, युब्लॉक ओरिजिनही. आत्या रात्री अंथरुणात फोनवरच वाचते, म्हणून तिथे फायरफॉक्स दिला. चिन्ह वेगळं दिसतं एवढीच तिची तक्रार.

पासवर्ड सांभाळून ठेवण्यासाठी दोनच प्रोग्राम विचारात घेतले. बिटवॉर्डनमध्ये पासवर्ड आपल्याच यंत्रावर कुलूपबंद होऊन मग त्यांच्या सर्व्हरवर जातात. फुकट खात्यात कितीही पासवर्ड, कितीही यंत्रं. कीपासएक्ससी सगळं एका फाइलमध्ये आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतो, सर्व्हर नाहीच; त्याचं एक्स्टेंशन फक्त त्या प्रोग्रामशी बोलतं. फाइल हरवली तर पासवर्ड गेले. मी स्वतः कीपासएक्ससी वापरतो, पण दुकानात बिटवॉर्डन दिला, कारण मामेभाऊ बॅकअप घेणार नाही हे मला ठाऊक आहे.

जुन्या शिफारशींत साइटशी सुरक्षित जोडणी लावून देणारा 'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर' दिसला तर सोडून द्या. ते काम आता ब्राउझरच करतो, आणि बॅजरवाल्या फाउंडेशनने तो बंदही केला. पानं गडद करून दाखवणारा डार्क रीडर डोळ्यांना बरा आणि खुला आहे. क्रोममध्ये त्याला हव्या त्या साइटपुरतीच परवानगी देता येते, तशी द्या. बाकीची जितकी कमी, तितकं बरं. प्रत्येक जास्तीचं एक्स्टेंशन तुमचा ब्राउझर इतरांपेक्षा वेगळा करतं, आणि वेगळा दिसणारा ओळखायला सोपा.

आत्याच्या सातपैकी सहा काढली. लाइट टाकून आठवडा झाला असेल, तिचा फोन आला. ती रोज वाचते त्या एका मराठी पेपराच्या जाहिराती परत चालू करून हव्या होत्या. "त्यांचं घर त्यावर चालतं रे. पण माझ्यावर पाळत नको." बॅजर घ्यायचं याहून चांगलं कारण मला सुचलं नसतं. त्या एका साइटवर लाइट बंद केला आणि बॅजर टाकला. पाठलाग करणाऱ्या बऱ्याच जाहिराती अजूनही अडतात, पेपरच्या स्वतःच्या दोन-चार दिसतात. त्यात सयाजीगंजच्या एका नाटकाच्या प्रयोगाची होती. तिने तिकीट काढलं.