कागदाखाली झाकलेल्या चाली: आठ महिने ग्रँडमास्टरांचे डाव वाचल्यावर

आठ महिने बुद्धिबळातल्या ग्रँडमास्टरांचे डाव वाचून खेळ किती सुधारला? आधी आकडा सांगून टाकते, कारण सगळे तोच विचारतात. रॅपिडचं, म्हणजे जलद डावांचं, रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) १३४० होतं, आता १५१० च्या आगेमागे असतं. आठ महिन्यांच्या मानाने फार नाही. नुसती कोडी सोडवत बसले असते तरी कदाचित एवढं वाढलं असतं. पण माझी हरायची तऱ्हा बदलली आणि लिहायला बसले ते त्यासाठी.

पूर्वी माझे डाव साधारण पंचविसाव्या चालीपर्यंत बरे चालायचे. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, पाठ, किल्लेकोट करून राजा सुरक्षित, कुठलं मोहरं बिनसंरक्षित लटकत नाही. त्यानंतर काय करायचं हेच सुचायचं नाही. कोड्यात निदान माहीत असतं की इथे काहीतरी दडलंय. डावात तसं कुणी सांगत नाही. मग हत्ती इकडून तिकडे, एखादं प्यादं उगाच पुढे, आणि थोड्या वेळाने समोरचा जिंकलेला.

पहिला महिना वाया गेला. स्क्रीनवर बाणाचं बटण दाबत एका संध्याकाळी पाच-सहा डाव बघून टाकायचे. बघताना सगळं पटायचं, दुसऱ्या दिवशी एकही चाल आठवायची नाही. दुसऱ्या महिन्यात लाकडी पट काढला आणि चालींची यादी कागदाने झाकायला लागले. जिंकणाऱ्याच्या बाजूने बसायचं, पंधराव्या चालीपासून प्रत्येक चाल आधी स्वतः ठरवायची, वहीत चाल आणि एका ओळीत कारण लिहायचं, मग कागद एक ओळ खाली सरकवायचा. डावावरची छापील टिपणं त्यानंतर, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, सगळ्यात शेवटी. एका डावाला पाऊण तास जातो, कधी दीड. आठवड्याला दोन, फार तर तीन डाव होतात.

या पद्धतीने घेतलेला पहिला एंडगेम, म्हणजे थोडीच मोहरी उरलेला डावाचा शेवटचा टप्पा, बहुतेकांचा असतो तोच: कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क, १९२४. दोघांकडे एकेक हत्ती. पांढऱ्याचा, म्हणजे कापाब्लांकाचा, हत्ती एच७वर (घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा आडव्या रांगेचा), सातव्या रांगेत जाऊन बसलेला. सी३वरचं पांढरं प्यादं अडचणीत आहे. मी प्रामाणिकपणे ते वाचवायची चाल लिहिली. कागद सरकवला, तर राजा जी३वर! सी३ जातं, तेही शह देऊन. थोड्या वेळाने एफ४ जातं, तेही शह देऊन. आणि राजा निवांत एच४, जी५, एफ६ करत वर चढतो. एफ५वरचं काळं प्यादं त्याला मारता येत होतं, पण तो मारत नाही, कारण तेच प्यादं मागून येणारे शह अडवतं. शत्रूच्या प्याद्याची छत्री करायची ही कल्पना माझ्या डोक्यात दहा वर्षं बसूनही आली नसती.

अर्थात पुढच्याच आठवड्यात मी माझ्या डावात अशीच दोन प्यादी उदारपणे देऊन टाकली आणि सपाटून हरले. कापाब्लांकाकडे सातव्या रांगेतला हत्ती होता, जी पट्टीत पुढे निघालेलं प्यादं होतं आणि समोरचा राजा कडेला कोंडलेला होता. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ मी एका डावाला दिला. कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांच्या १९८४ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला नववा डाव. चाळिसाव्या चालीनंतर पटावर कार्पोव्हचा घोडा आणि कास्पारोव्हचा पांढऱ्या घरांचा उंट उरलाय. त्याची काळी प्यादीही पांढऱ्याच घरांत अडकलीत, म्हणजे उंट आपल्याच माणसांची राखण करत उभा. सेहेचाळिसाव्या चालीला काळ्याने एच४वर प्यादं मारलं. आता जी३च्या प्याद्याने ते परत मारायचं, यात विचार काय करायचा? मी लिहिलं आणि कागद सरकवला. घोडा जी२वर. प्यादं परत घेतलंच नाही!

पंधरा मिनिटं मी पटाकडे बघत बसले. मग दोन्ही फांद्या हाताने खेळून पाहिल्या. प्याद्याने मारलं की राजाच्या बाजूची वाट बंद होते आणि माझ्या राजाला आत शिरायला दारच उरत नाही. घोडा जी२वर गेला की काळा जी३ मारतो, राजा ते परत घेतो, घोडा एफ४वरून शह देऊन एच५चं प्यादं उचलतो आणि राजाला जी४कडून रस्ता मोकळा. प्याद्यांचा हिशेब थोड्याच चालींत जुळतो, दार मात्र उघडंच राहतं. हा डाव जिंकून कार्पोव्ह ४-० ने पुढे गेला होता. (तो सामना पुढे ४८ डाव चालला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये निकालाविनाच थांबवला गेला, ती गोष्टच वेगळी.)

तेव्हापासून वहीत एक नवा रकाना आला: "राजा कुठून शिरणार?" आधी मी मोहरी मोजायचे, आता त्याआधी दारं बघते.

प्रत्यक्ष फायदा कुठे झाला, तर हत्तींच्या एंडगेममध्ये. एका डावात समोरच्याकडे हत्ती आणि ई५वर प्यादं, राजा डी५वर. माझा राजा ई८वर आणि एकटा हत्ती. पूर्वी मी हत्ती घाबरून शेवटच्या रांगेत ओढून घेतला असता आणि तिथेच घुसमटून हरले असते. या वेळी तो बी६वर ठेवला, म्हणजे समोरच्या राजाला सहावी रांग बंद. हा फिलिडोरचा बचाव, अठराव्या शतकापासून चालत आलेला. हत्ती त्या रांगेत राखून वाट बघायची. कंटाळून त्याने प्यादं ई६वर ढकललं आणि मी त्याच क्षणी हत्ती बी१वर नेला. आता प्यादंच सहाव्या रांगेत गेल्यामुळे त्याच्या राजाला तिथे लपायला जागा नाही, मागून शहावर शह. डाव बरोबरीत सुटला. मला तो जिंकल्यासारखाच वाटला, हे कबूल करते. हा बचाव मी पूर्वी व्हिडिओत तीनदा पाहिला होता. पण खऱ्या डावांत लोक तिथपर्यंत कसे पोचतात, कोणती प्यादी देऊन पोचतात, हे पाहिल्यावरच तो हातात उतरला.

दुसरा धडा महागात पडला. एक प्यादं वर होते, म्हणून खुशीत शेवटच्या हत्तींची अदलाबदल केली. उरला राजा-प्याद्यांचा डाव. समोरचा राजा माझ्या प्याद्याच्या पुढ्यात ठाण मांडून, माझा राजा प्याद्याच्या मागे. बरोबरी. त्याच महिन्यात मी सिंगापूरच्या २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला चौदावा डाव घेतला. गुकेशकडे राजाच्या बाजूला तीन प्यादी, डिंग लिरेनकडे दोन, दोघांकडे हत्ती आणि उंट. बरोबरीकडे चाललेला डाव. डिंगने ५५व्या चालीला हत्ती एफ२वर आणून अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला आणि लगेच उंट डी५वर ठेवला. डिंगचा उंट ए८च्या कोपऱ्यात, पळायला जागा नाही, म्हणजे उंटही जाणार. राहिले राजे आणि प्यादी, आणि ते गुकेशने जिंकलेलं. ५८व्या चालीला डिंगने हार मानली. त्या पातळीवर, त्या थकव्यात हे होतं, तर मी स्वतःवर किती चिडायचं? तरी आता हत्ती मारण्याआधी राजा-प्याद्यांचा डाव मनात शेवटपर्यंत खेळून बघते. जमतंच असं नाही.

आता तक्रारी.

आजचे डाव नवख्याला झेपत नाहीत. कार्लसन-आनंद, जगज्जेतेपदाचा सामना, चेन्नई, २०१३, पाचवा आणि सहावा डाव, दोन्ही हत्तींचे एंडगेम. मी दोनदा बसले. समोर आनंदसारखा माणूस असल्यावर प्रत्येक बेत अर्ध्यावर अडवला जातो, मग नवा बेत, तोही अडवला जातो. वाचणाऱ्याला सलग काही दिसतच नाही. कार्लसन-नेपोम्नियाचीच्या २०२१ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव, १३६ चालींचा, तर मी तिसऱ्या बैठकीत सोडून दिला. जुने डाव, विशेषतः एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा स्पष्ट सरस असलेले, यासाठी बरे: बेत सुरू झालेला दिसतो आणि संपलेलाही दिसतो.

टिपणं लिहिणाऱ्यांचाही राग येतो. चौतिसाव्या चालीपर्यंत पानभर विवेचन आणि मग "पुढचं सोपं आहे". अहो, माझं तिथेच अडतं! असे डाव मी इंजिनासमोर लावून स्वतः जिंकायचा प्रयत्न करते. बहुतेकदा बरोबरी होते आणि मग कळतं, सोपं कुणासाठी होतं ते.

आणि इंजिन आधी उघडू नका. मी सुरुवातीला उघडायचे. ते आकडा दाखवतं, आपण मान डोलावतो, वही कोरी राहते.

ज्यांचे डाव अजून दहाव्या चालीला वजीर गमावून संपतात, त्यांनी एवढ्यात या भानगडीत पडू नये. आधी कोडी. आणि फक्त ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे डाव, खेळणाऱ्यांना यातलं फार काही वापरायला मिळणार नाही, घड्याळात तेवढा वेळच नसतो.

विरुद्ध रंगांचे उंट (एकाचा पांढऱ्या घरांतून चालणारा, दुसऱ्याचा काळ्या) मात्र मला आठ महिन्यांनंतरही कळलेले नाहीत. शिरोव्हने १९९८ मध्ये लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्हविरुद्ध उंट एच३वर फुकट देऊन टाकला, राजाला ई४पर्यंत पोचायला एक चाल वाचावी म्हणून. मी ती चाल सगळ्यांना दाखवत फिरते. वहीत त्या डावापुढे माझा अंदाज लिहिलाय, "राजा एफ५?", आणि खालचं कारणाचं घर अजून रिकामं आहे.