व्हीएलसीने पाहावे, एफएफएमपेगने पाठवावे : काही महिन्यांच्या वापरानंतर

महाविद्यालयाच्या सभागृहात चाललेले व्याख्यान शेजारच्या वर्गांत आणि ग्रंथालयातील पडद्यावर त्याच वेळी दिसावे, यासाठी गेले काही महिने आम्ही व्हीएलसी (व्हिडिओ पाहण्याचा प्लेअर) आणि एफएफएमपेग (लिखित आज्ञांनी व्हिडिओ रूपांतरित करण्याचे व पाठवण्याचे साधन) ही दोन मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नियमित वापरत आहोत. सभागृहातील नेटवर्क कॅमेरा आरटीएसपीवर (कॅमेऱ्याकडून थेट चित्र मागवण्याची नेटवर्क पद्धत) एच.२६४ या संकुचित व्हिडिओ स्वरूपातील चित्र देतो आणि पुढचा सगळा प्रवास आमच्याच लॅनमधून, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कमधून होतो. व्हीएलसीची सुरुवातही शैक्षणिक संकुलातच झाली होती. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी संकुलाच्या नेटवर्कवर व्हिडिओ पाठवण्यासाठी हा प्रकल्प हाती घेतला आणि २००१ मध्ये तो जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला.

स्ट्रीम, म्हणजे नेटवर्कवरून सतत येणारे चित्र, पाहण्यासाठी व्हीएलसीला तोड नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाकला की चित्र येते, मात्र पासवर्डमध्ये ‘@’ असेल, तर पत्त्यात त्याच्या जागी ‘%४०’ लिहावे लागते, ते इंग्रजी अंकांत. नेटवर्क कॅशिंग (चित्र दाखवण्याआधी ते साठवून ठेवण्याचा वेळ) मुळात १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद असते. केबलने जोडलेल्या वर्गांत आम्ही ते ३०० वर आणले आणि तरीही चित्र अडखळले नाही. वाय-फायवर मात्र ते कमी करण्याचा मोह टाळलेलाच बरा. वक्त्याने हात हलवला की मागे करड्या चौकोनांचा फराटा उमटतो आणि काही क्षणांनी आपोआप पुसला जातो, तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो. यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीत हरवलेले पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पुन्हा मागवले जात नाही आणि पुढची की-फ्रेम, म्हणजे स्वतःत पूर्ण असलेले चित्र, येईपर्यंत बिघडलेल्या चित्रावरच पुढची चित्रे रचली जातात. व्हीएलसीच्या प्राधान्यांमध्ये (प्रेफरन्सेस) आरटीएसपीसाठी टीसीपी, म्हणजे हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवणारी पद्धत, निवडल्यावर हा त्रास थांबतो. त्या बदल्यात थोडा उशीर सोसावा लागतो.

पाठवण्याचे काम व्हीएलसीही करते, पण रोजच्या वापरासाठी मी एफएफएमपेगच सुचवेन. कॅमेऱ्याकडून आलेले एच.२६४ चित्र पुन्हा एन्कोड करण्याची, म्हणजे नव्याने संकुचित करण्याची, काहीच गरज नसते. ‘कॉपी’ हा पर्याय दिला की ते जसेच्या तसे पुढे जाते, दर्जा टिकतो आणि जुन्या संगणकाच्या प्रोसेसरवर नाममात्र भार येतो. पर्यायांचा क्रम मात्र नीट समजून घ्यावा लागतो : इनपुटच्या आधी लिहिलेला पर्याय त्या इनपुटला लागू होतो आणि आउटपुटच्या आधी लिहिलेला आउटपुटला. हे एकदा पक्के झाले की एफएफएमपेगच्या लांबलचक आज्ञा सहज वाचता येतात.

प्रत्येक वर्गाला स्वतंत्र प्रवाह दिला, तर सेकंदाला चार मेगाबिटचे चित्र दहा ठिकाणी पाठवताना सेकंदाला चाळीस मेगाबिट लागतात. मल्टिकास्टमध्ये २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर एकच प्रवाह सोडला जातो आणि ज्याला हवा तो घेतो. यूडीपी पॅकेटचा आकार १३१६ बाइट ठेवावा, कारण एमपीईजी-टीएस या व्हिडिओ वाहून नेण्याच्या स्वरूपाची १८८ बाइटची सात पॅकेटे त्यात नेमकी बसतात आणि इथरनेटची १५०० बाइटची मर्यादाही ओलांडली जात नाही. नेटवर्क स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट प्रवाह मागणाऱ्या पोर्टवरच सोडण्याची सोय) चालू असणे अत्यावश्यक आहे. ते नसेल तर हा प्रवाह प्रत्येक पोर्टवर जातो आणि कार्यालयातल्या संगणकांनाही त्याचा भार सोसावा लागतो.

ग्रंथालयातला पडदा वाय-फायवर असल्याने तेथे मल्टिकास्ट चालले नाही, कारण वाय-फायवर अशी पॅकेटे सहसा कमी वेगाने जातात आणि ती पोहोचल्याची पावतीही मिळत नाही. तेथे आम्ही एसआरटी ही व्हिडिओ पाठवण्याची वेगळी पद्धत वापरतो. हरवलेले पॅकेट ठरावीक वेळेत पुन्हा मागवण्याची सोय त्यात आहे आणि व्हीएलसीची ३.० ही आवृत्ती ते थेट वाचते. ही वेळ एफएफएमपेगमध्ये मायक्रोसेकंदांत लिहावी लागते, म्हणजे २०० मिलिसेकंदांसाठी २,००,०००, अर्थात स्वल्पविराम न देता.

विजेचा झटका बसून कॅमेरा बंद पडला की आरटीएसपीला टाइमआउट न दिलेले एफएफएमपेग नुसतेच वाट पाहत राहू शकते. म्हणून आम्ही टाइमआउट देतो आणि लिनक्सवर ते सिस्टिमडीची (लिनक्समधील सेवा सुरू ठेवणारा प्रोग्रॅम) सेवा म्हणून चालवतो, जेणेकरून ते थांबले तरी आपोआप पुन्हा सुरू होते. ज्यांना ब्राउझरमध्येच चित्र हवे आहे, त्यांना यातील आरटीएसपी किंवा मल्टिकास्ट थेट उपयोगी पडणार नाही. त्यांच्यासाठी एफएफएमपेगमधूनच एचएलएस हे वेबवर चालणारे स्वरूप तयार करता येते, परंतु त्यात चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांनी जात असल्यामुळे उशीर बराच वाढतो, आणि दुसऱ्या खोलीतून वक्त्याला प्रश्न विचारायचे असतील तर तो उशीर चालत नाही.