मोठी सोर्स फाइल फोडण्याआधी: मोजमाप, जोडण्यांचा नकाशा की गिटचा इतिहास?

पाच-सात हजार ओळींची एक फाइल वर्षानुवर्षं फुगत गेली आहे आणि आता तिचे तुकडे करायचे ठरलंय. कुठून कापायचं हे शोधायला तीन वाटा आहेत: कोड मोजणं, फाइलच्या आतल्या जोडण्यांचा नकाशा काढणं आणि गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास तपासणं. वेळ एकाच वाटेपुरता असेल तर मी दुसरी, म्हणजे नकाशाची, निवडेन. का, ते पुढे येईलच.

आधी आकाराबद्दल. नुसत्या ओळींवरून फार काही ठरत नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसची एकत्रित सी फाइल दोन लाखांहून जास्त ओळींची आहे, पण ती शंभराहून जास्त वेगळ्या फाइल्स जोडून स्क्रिप्टने तयार होते आणि तिच्यात हाताने कुणी काही बदलत नाही. टाइपस्क्रिप्ट या भाषेच्या टाइप-चेकरची (टाइप तपासणाऱ्या भागाची) फाइल ५० हजार ओळींच्या पुढे गेली, आणि ती मात्र माणसांनी लिहिलेली आहे. तिचा बहुतेक भाग एकाच अवाढव्य फंक्शनच्या आत आहे आणि आतली असंख्य फंक्शनं तीच व्हेरिएबलं वापरतात. अशी फाइल कापणं अवघड जातं ते या सामायिक स्टेटमुळे, म्हणजे अनेकांनी मिळून वापरलेल्या डेटामुळे.

मोजमाप

सगळ्यात स्वस्त वाट. लिझर्डसारखं साधन काही क्षणांत प्रत्येक फंक्शनची लांबी आणि सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी (गुंतागुंतीचं माप) देतं. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेलं हे माप ढोबळमानाने निर्णयाच्या जागा अधिक एक असं मोजतात. १० ही मर्यादाही त्यांनीच सुचवलेली. युनिव्हर्सल सीटॅग्स सगळ्या फंक्शन-क्लासची यादी देतं. ट्री-सिटर पूर्ण सिंटॅक्स ट्री, म्हणजे कोडच्या रचनेचं झाड, देतं, तेही कोडमध्ये चुका असल्या तरी.

यातून फाइलची अनुक्रमणिका हाती येते आणि कोणत्या फंक्शनला हात लावण्याआधी टेस्ट लिहायलाच हव्यात ते कळतं. सीमारेषा मात्र कळत नाही. चाळीस केसचा सरळसोट स्विच या मापात भयंकर दिसतो, पण वाचायला सोपा असतो. उलट तीन-तीन ओळींची वीस फंक्शनं एकच ग्लोबल व्हेरिएबल बदलत असतील, तर मापाच्या दृष्टीने सगळं आलबेल!

जोडण्यांचा नकाशा

एक तक्ता करा. ओळींत फंक्शनं, स्तंभांत फील्ड (क्लासमधली व्हेरिएबलं) आणि ग्लोबल व्हेरिएबलं. कोण काय वाचतं आणि कोण काय बदलतं यांच्या खुणा वेगळ्या ठेवा, कारण फक्त वाचणारं फंक्शन पॅरामीटर देऊन सहज बाहेर काढता येतं. बदलणाऱ्याचं तसं नसतं. मग एकमेकांना कॉल करणारी किंवा एकच फील्ड वापरणारी फंक्शनं रेघेने जोडा. सुटे गट दिसले तर तेवढे तुकडे नैसर्गिकपणे पडतात. क्लासमधली फंक्शनं एकमेकांशी किती कमी जोडलेली आहेत ते सांगणाऱ्या, चिदंबर आणि केमेरर यांच्या एलकॉम मापाची पुढे जी रूपं आली, त्यांतलं एक नेमके हेच गट मोजतं.

पहिल्या खेपेला बहुधा एकच मोठा गोळा दिसेल. घाबरू नका. लॉगर, कॉन्फिगरेशन, डेटाबेस कनेक्शन आणि कन्स्ट्रक्टर सगळ्यांना जोडतात. ते बाजूला काढा आणि पुन्हा पाहा. आता गट वेगळे होऊ लागतात आणि त्यांच्यामध्ये पुलासारखी दोन-चार फंक्शनं उरतात. रिफॅक्टरिंगचे (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारण्याचे) खरे कष्ट तिथेच असतात, आणि ही फंक्शनं आधी सापडली की कामाचा अंदाजही बराच खरा येतो. इतर दोन वाटांनी ही माहिती मिळत नाही, म्हणून माझा कौल इकडे.

उणिवा आहेत. रिफ्लेक्शन (प्रोग्रॅमने चालताना स्वतःचाच कोड शोधून वापरणं), नावाच्या स्ट्रिंगवरून बोलावलेले इव्हेंट हँडलर, सीमधले मॅक्रो या जोडण्या स्थिर विश्लेषणातून, म्हणजे कोड न चालवता केलेल्या तपासणीतून, निसटतात. पायथन किंवा जावास्क्रिप्ट असेल तर प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून, ट्रेस (कोणतं फंक्शन कधी चाललं याची नोंद) घेऊन नकाशा पडताळावा. ‘हे आधी, ते नंतर’ अशी न लिहिलेली क्रमाची अटही तक्त्यात दिसत नाही. तिच्यासाठी कोड वाचावाच लागतो.

गिटचा इतिहास

गिट लॉगला फंक्शनचं नाव देऊन फक्त त्याचाच इतिहास काढता येतो. कोणता भाग सतत बदलतो आणि कोणते भाग नेहमी एकाच कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेल्या बदलांत) बदलतात, हे त्यातून कळतं. ॲडम टॉर्नहिल यांचं कोड मात हे साधन असं सहबदलाचं विश्लेषण करतं, पण फाइलच्या पातळीवर. एका फाइलच्या आत पाहायचं तर फंक्शननिहाय इतिहास स्वतः ताडून पाहावा लागतो.

समजा, दोन फंक्शनं एकमेकांना कॉल करत नाहीत, फील्डही सामायिक नाही, तरी दर वेळी सोबत बदलतात, कारण दोघांनाही एकच डेटा फॉरमॅट ठाऊक आहे. नकाशात ही जोडी दिसणार नाही, इतिहासात दिसेल. बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये लपवावा, असं डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं. कोणते निर्णय खरोखर बदलले याचा पुरावा इथे मिळतो. मात्र रिपॉझिटरी (प्रकल्पाचा गिटमधला साठा) नवी असेल किंवा प्रत्येक कमिटमध्ये दहा कामं कोंबलेली असतील, तर हाती फार काही लागणार नाही.

मग निवड कशी?

फाइल फोडायची की नाही हेच ठरत नसेल तर इतिहासापासून सुरुवात करा. वर्षभरात कुणी हात न लावलेली मोठी फाइल तशीच राहू द्यायला हरकत नाही. फोडायचं ठरलं असेल तर नकाशा काढा आणि त्यातल्या पुलांवरच्या फंक्शनांचा इतिहास तपासा. कोड पूर्ण अनोळखी असेल तर आधी सीटॅग्सची यादी घेऊन तासभर नुसतं वाचा. मोजमापावर थांबणं मला फक्त एका ठिकाणी पटतं: फाइलमध्ये सामायिक स्टेट नाहीच, सगळी सुटी मदतनीस फंक्शनं आहेत.

कोणतीही वाट घेतली तरी कोड हलवण्याचे कमिट आणि कोड बदलण्याचे कमिट वेगळे ठेवा. ओळी जशाच्या तशा हलवल्या असतील तर गिट ब्लेम (प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमधून आली ते सांगणारी आज्ञा), योग्य पर्याय दिल्यास, त्यांचा माग जुन्या फाइलपर्यंत काढू शकतं.